हेवी मेटल संगीत आणि घरगुती स्पीकरांची निवड

कोणतीहि वस्तु विकत घेण्यापूर्वी ती कशासाठीं हवी आहे, कोठें ठेवावयाची आहे आणि तिचा उपद्रव कोणास होणार आहे, या तीन प्रश्नांचा विचार करणारा मनुष्य सहसा फसत नाहीं. परंतु गाणें ऐकण्याचे स्पीकर घेतांना हे तिन्ही प्रश्न बाजूस राहतात. दुकानांत जो अधिक मोठ्यानें वाजतो, ज्याच्या खोक्यावर वॉटचा आंकडा अधिक मोठा छापलेला असतो, तोच उत्तम असें समजून पैसे मोजले जातात; आणि घरीं आल्यावर आठ दिवसांत एक तर कान किटतात, नाहीं तर शेजारी दार ठोठावतात. नवी मुंबईसारख्या शहरांत बहुतेक कुटुंबें दोन-तीन खोल्यांच्या सदनिकांत राहतात आणि एकाची भिंत तीच दुसऱ्याचीहि भिंत असते. अशा ठिकाणीं हा विषय केवळ हौसेचा राहत नाहीं. तो शेजारधर्माचा होतो.

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत हेवी मेटल या नांवाच्या संगीताची आवड असणारे बरेच आहेत. ते तें संगीत मोबाईलवर, कानांत इयरफोन घालून, तासन् तास ऐकत असतात. पालकांस त्यांतला कल्लोळ तेवढा ठाऊक असतो. मुलास वाटतें, आपल्या आवडीची घरांत कोणास किंमत नाहीं. आईबापांस वाटतें, मुलगा हाकेला ओ देत नाहीं. आमचें मत असें कीं, नीट निवडलेली आणि नीट मांडलेली स्पीकरांची एक साधी जोडी पुष्कळदां हा तंटा मिटवूं शकते. तिच्यामुळें मुलाचे कान वांचतात, त्याचें ऐकणें चार भिंतींच्या आड न राहतां घरांत येतें, आणि आवाज किती व केव्हां असावा याचा करार उघडपणें करतां येतो. मात्र ती जोडी कशी निवडावी, हें समजून घेतलें पाहिजे. तेवढ्यासाठींच हा लेख आहे.

प्रथम हें संगीत काय आहे तें पाहूं. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरांत ब्लॅक सॅबथ नांवाचा चार तरुणांचा वाद्यवृंद होता. त्यांचा पहिला संग्रह १३ फेब्रुवारी १९७० रोजीं प्रसिद्ध झाला, आणि हेवी मेटलचा आरंभ बहुतेक जाणकार तेथूनच मानतात. गंमत अशी कीं, ज्या सिडकोनें आपलें हें शहर वसविलें तिची स्थापनाहि त्यानंतर महिनाभरानें, १७ मार्च १९७० रोजीं झाली. म्हणजे हें शहर आणि हें संगीत एकाच वयाचीं आहेत. त्या वृंदाचा गिटारवादक टोनी आयोमी यानें पत्र्याच्या कारखान्यांत काम करीत असतां उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें गमावलीं होतीं. त्यानें बोटांस टोपणें बसविलीं आणि पुढें तारा सैल करून, खालच्या स्वरांत लावून वाजविण्यास सुरुवात केली. या संगीतास जो जड, खोल आवाज लाभला त्याचें एक कारण असें एका कामगाराच्या दुखापतींत आहे.

आपल्याकडे १९८६ सालीं मुंबईंत इंडिपेंडन्स रॉक नांवाचा उत्सव सुरू झाला. धोबी तलावाजवळचें रंगभवन हें खुलें नाट्यगृह पुष्कळ वर्षें या संगीताचें माहेरघर होतें. पुढें शांतता-क्षेत्राच्या निर्बंधांमुळें तेथील जलसे बंद झाले. डीमॉनिक रेझरेक्शन हा मुंबईचा वृंद २००० सालीं, तर भयानक मौत हा २००३ सालीं निघाला. आयर्न मेडन हा विख्यात इंग्रज वृंद २००७ सालीं बंगळूर येथें व २००८ सालीं मुंबईंत, आणि मेटॅलिका हा अमेरिकन वृंद २०११ सालीं बंगळूर येथें वाजवून गेला. तेव्हां हें परदेशांतून कालच आलेलें खूळ आहे असें म्हणतां येणार नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या वडिलांनींहि तरुणपणीं तें ऐकलेलें असेल.

आतां स्पीकरच्या दृष्टीनें या संगीतांत कठीण काय आहे तें पाहूं. त्याचीं मुख्य अंगें तीन: गिटार, बास गिटार आणि ढोल. गिटारचा आवाज येथें मुद्दाम फाडलेला असतो. विजेच्या साहाय्यानें तो इतका वाढवितात कीं यंत्राची मर्यादा संपून लहरींचे माथे कापले जातात, आणि मूळ स्वराभोंवतीं असंख्य उपस्वर उत्पन्न होतात. आपल्या तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीवर तारेखालीं दोरा सरकवितांच एकाच तारेंतून स्वरांचा सारा परिवार झंकारूं लागतो. हा प्रकार त्याचाच दांडगा भाऊ होय. नवल असें कीं मेटलचे गिटारवादक बहुधा षड्ज आणि पंचम हे दोनच स्वर एकत्र छेडतात. तंबोऱ्याची जोडीहि पुष्कळदां तीच. अधिक स्वर एकत्र घेतले तर त्या फाटलेल्या आवाजांत त्यांचा चिखल होतो.

गिटारची सर्वांत जाड तार नेहमींच्या जुळणींत सेकंदास सुमारें ८२ कंपनें करते. तीन अर्धस्वर खालीं उतरविली तर ६९. बास गिटारची जाड तार ४१ कंपनें करते. सेकंदास एक कंपन यास एक हर्ट्झ म्हणतात. मोठ्या ढोलाचा धक्का बहुधा ५० ते १०० हर्ट्झच्या मध्यें असतो. परंतु टिपरूं कातड्यावर आदळल्याचा टणत्कार त्याच्या पुष्कळ वर, २,००० ते ५,००० हर्ट्झच्या आसपास असतो. झांजांची सळसळ त्याहूनहि वर जाते. शिवाय वादक दोन्ही पायांनीं ढोल वाजवितो. मिनिटास २०० ठेके आणि प्रत्येक ठेक्यांत चार आघात धरले तर सेकंदास तेरांहून अधिक आघात होतात. म्हणजे दोन आघातांमधील अवकाश सेकंदाच्या तेराव्या हिश्शाहूनहि थोडा कमी. जो स्पीकर एक धक्का देऊन लगेच थांबत नाहीं, घुमत राहतो, त्यांतून हे तेरा आघात वेगळे ऐकूंच येत नाहींत. नुसती घरघर ऐकूं येते. पालक ज्यास कल्लोळ म्हणतात त्यांतला बराचसा भाग संगीताचा नसून असल्या स्पीकरचा असतो, हें येथें नमूद करावेंसें वाटतें.

स्पीकरचें यंत्र मात्र साधें आहे. एका कागदी वा प्लॅस्टिकच्या शंकूच्या मागें तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. तें लोहचुंबकाच्या फटींत टांगलेलें असतें. वेटोळ्यांतून गाण्याचा विद्युत्प्रवाह जातांच तें मागेंपुढें हालतें, शंकु हवा ढकलतो, आणि तीच हवा आपल्या कानापर्यंत गाणें आणते. हा नमुना राइस आणि केलॉग या अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं मांडला, आणि शंभर वर्षें लोटलीं तरी मूळ तत्त्व बदललेलें नाहीं. खालच्या स्वरांसाठीं मोठा शंकु लागतो, त्यास वूफर म्हणतात. वरच्या स्वरांसाठीं लहानसा घुमट लागतो, त्यास ट्वीटर म्हणतात. आणि कोणता स्वर कोणीकडे पाठवावयाचा हें ठरविणाऱ्या जुळणीस क्रॉसओव्हर म्हणतात.

खालचा स्वर मोठी हवा मागतो. तोच शंकु, तितकाच मोठा आवाज, परंतु स्वर एक सप्तक खालचा हवा असेल, तर शंकूस चौपट अंतर हालावें लागतें. चार इंची शंकु ४१ हर्ट्झचा स्वर जोरानें देईल हें म्हणून शक्य नाहीं. तो धडपडतो, फाटतो, आणि वरचाच आवाज तेवढा कर्कशपणें बाहेर टाकतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हें येथें शब्दशः खरें आहे. आमच्या मतें दहा-बारा फुटांच्या खोलींत मेटल ऐकण्यासाठीं साडेसहा इंची वूफर असलेले, फळीवर वा तिवईवर ठेवावयाचे दोन स्पीकर हा मध्यम मार्ग होय. अभ्यासाच्या टेबलावर हातभर अंतरावरून ऐकावयाचें असेल तर पांच इंची वूफरहि चालतो. जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर मोठ्या दिवाणखान्यासच शोभतात.

शंकु ज्या पेटींत बसविलेला असतो ती दोन प्रकारची असते. एक सर्व बाजूंनीं बंद. असा पहिला यशस्वी घरगुती स्पीकर एडगर विल्चर यानें १९५४ सालीं अमेरिकेंत बाजारांत आणला. दुसरी भोंक असलेली. तिच्या नळींतील हवा वूफरास मदत करते व त्याच आकारांत खालचे स्वर अधिक जोरानें येतात. नळीची जुळणी चांगली असेल तर ही पेटी उत्तमच. परंतु स्वस्त पेटींत बहुधा एकच खालचा स्वर गाजत ठेवलेला असतो. बास गिटारनें कोणताहि स्वर वाजविला तरी पेटी आपला तोच धूम् काढते. तपासण्याची रीत सोपी आहे. बास गिटार पायरीपायरीनें खालीं उतरत असेल असें एखादें गीत लावावें आणि प्रत्येक पायरी वेगळी व सारख्याच जोराची ऐकूं येते काय हें पाहावें. येत नसेल तर तो स्पीकर सोडून द्यावा.

वरच्या बाजूस दुसरा धोका असतो. मनुष्याचा कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या टापूंत सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि फाटलेल्या गिटारची धार नेमकी तेथेंच असते. वूफर व ट्वीटर यांचा सांधाहि बहुधा २,००० ते ३,००० हर्ट्झच्या आसपास पडतो. दुकानांत चटकन डोळ्यांत, किंबहुना कानांत, भरावा म्हणून कांहीं स्पीकरांत हा टापू मुद्दाम चढविलेला असतो. पांच मिनिटें तो फार स्पष्ट व तेजस्वी वाटतो; अर्ध्या तासानें मेटल ऐकतांना डोकें दुखूं लागतें. म्हणून स्पीकर पारखावयाचा तर निदान वीस मिनिटें ऐकावें.

मेटलसाठीं खास निराळ्या जातीचा स्पीकर लागतो काय, असें विद्यार्थी विचारतात. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळांत फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञानें पुष्कळ श्रोत्यांस पडद्याआडून निरनिराळे स्पीकर ऐकविले. कोणता स्पीकर वाजत आहे हें ठाऊक नसतां बहुतेकांनीं एकाच गुणाची निवड केली: जो कोणत्याहि स्वराची बाजू घेत नाहीं, सर्वांस समान न्याय देतो, आणि समोरून जसा वाजतो तसाच थोडें बाजूस बसूनहि वाजतो, तो. म्हणजे जो स्पीकर किशोरीताईंचा स्वर खरा ऐकवील तोच मेटलहि खरें ऐकवील. मेटलसाठीं त्यापुढें दोनच गोष्टी अधिक पाहाव्या: खालचे स्वर घट्ट असावे, आणि आवाज चढविल्यावरहि त्यानें तोल सोडूं नये.

आतां खोक्यावरील आंकड्यांकडे वळूं. येथें आमच्या गणितप्रिय विद्यार्थ्यांनीं लक्ष द्यावें. पहिला आंकडा वॉटचा. पीएमपीओ या चार अक्षरांपुढें हजारांचे आंकडे छापण्याची चाल आपल्या बाजारांत पुष्कळ वर्षें होती आणि स्वस्त मालावर ती अजूनहि आढळते. त्या आंकड्यास मोजमापाचा कांहींहि ठरलेला आधार नाहीं. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, असा तो प्रकार आहे. आरएमएस म्हणून दिलेला, सतत टिकणारा आंकडा तेवढा पाहावा.

दुसरा आंकडा संवेदनक्षमतेचा. एक वॉट शक्ति दिली असतां एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, तें तो सांगतो. समजा, हा आंकडा ८६ आहे आणि आपण अडीच मीटरवर बसलों आहों. अंतरामुळें सुमारें ८ डेसिबल कमी होतात. दोन स्पीकर म्हणून ३ वाढतात. भिंती थोडें परत देतात. म्हणजे अवघ्या एकेका वॉटांत आपणांस ८० ते ८४ डेसिबल मिळतात, आणि घरांत ऐकण्यास इतका आवाज मोठाच म्हणावा लागेल. क्षणिक आघातांसाठीं त्यावर आणखी १० ते १५ डेसिबलांची राखीव शक्ति हवी. दर ३ डेसिबलांस शक्ति दुप्पट व १० डेसिबलांस दसपट लागते, या हिशेबानें १० ते ३० वॉट पुरतात. तेव्हां प्रामाणिक ४० ते ६० वॉटांचा अँप्लिफायर सदनिकेंतील खोलीस भरपूर झाला. उलट, दुबळ्या अँप्लिफायरची चावी शेवटपर्यंत फिरविली तर लहरींचे माथे कापले जातात व नाजूक ट्वीटर जळतो. गिटारवाद्यानें आवाज फाडावा, घरच्या यंत्रानें नव्हे.

तिसरा आंकडा हर्ट्झचा. नुसतें २० ते २०,००० असें लिहिलेलें असेल तर त्यास अर्थ नाहीं. त्यापुढें अधिक-उणें ३ डेसिबल असा शब्द असेल तरच विश्वास ठेवावा. साडेसहा इंची प्रामाणिक स्पीकर त्या कसोटीस ४५ ते ५० हर्ट्झपर्यंत उतरला तरी समाधान मानावें. अँप्लिफायर व स्पीकर यांचे ओहम जुळतात कीं नाहीं तेंहि पाहावें. चार ओहमांचे स्पीकर प्रत्येक अँप्लिफायरास झेपत नाहींत. अँप्लिफायर पेटींतच बसविलेले स्पीकरहि मिळतात. ज्यास खटपट कमी हवी आणि टेबलाजवळ बसून ऐकावयाचें आहे, त्यास ते सोयीचे पडतात.

यंत्रानंतर खोली. खोली हें स्पीकरचेंच एक अंग आहे, हें फार थोडे लोक ध्यानांत घेतात. ध्वनि सेकंदास सुमारें १,१३० फूट जातो. या संख्येस खोलीच्या लांबीच्या दुपटीनें भागिलें कीं त्या खोलींत कोणता स्वर घुमणार तें निघतें. बारा फुटांस ४७ हर्ट्झ, दहा फुटांस साडेछपन्न, आणि नऊ फूट उंचीच्या छतास सुमारें ६३. बास गिटार आणि ढोल यांची वस्ती नेमकी याच आळींत आहे! खोली चौरस असेल तर दोन घुमे एकावर एक चढतात. म्हणून स्पीकर कोपऱ्यांत कोंबूं नयेत. कोपऱ्यांत खालचे स्वर अवास्तव फुगतात. पाठीमागील भिंतीपासून निदान हातभर पुढें ठेवावे. ऐकणाऱ्यानें खोलीच्या अगदीं मध्यावर बसूं नये, कारण तेथें हे स्वर नाहींसे होतात. भिंतीस पाठ लावूनहि बसूं नये, कारण तेथें ते फार वाढतात. दोन स्पीकर व आपलें डोकें यांचा समभुज त्रिकोण करावा आणि ट्वीटर कानाच्या उंचीस आणावे. दोन्हीकडील तांबडी व काळी तार आपापल्या जागींच लावावी. एका बाजूस उलट लागली तर दोन्ही वूफर एकमेकांचें काम खोडून काढतात व बास नाहींसा होतो. विना पैशानें होणारी याहून मोठी सुधारणा नाहीं.

आपल्या सदनिकांतील गुळगुळीत लाद्या, सिमेंटच्या भिंती आणि सरकत्या कांचांच्या खिडक्या वरचे स्वर परत फेकतात, आणि झांजांचा आवाज भांडीं पडल्यासारखा होतो. त्यास उपाय घरांतच आहेत: समोर सतरंजी अंथरावी, खिडकीस जाड पडदा लावावा, पुस्तकांनीं भरलेलें कपाट बाजूच्या भिंतीस ठेवावें. मात्र पडद्यांनीं खालचे स्वर अडत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें.

यावरूनच शेजाऱ्याचा प्रश्न उभा राहतो. मिरवणूक दूर असतांना आपणांस प्रथम ढोल ऐकूं येतो, ताशा मागाहून. भिंतीचाहि न्याय तोच. गिटार व गाणें ती बरेंच अडविते. ढोल व बास मात्र जाऊं देते. शेजाऱ्यास आपलें गाणें ऐकूं येत नाहीं, त्याचा धबधबा तेवढा ऐकूं येतो. आणि अर्थहीन धबधबा सोसणें हें गाणें सोसण्याहून कठीण आहे. म्हणून स्पीकर सामाईक भिंतीस टेकवूं नयेत. खालीं रबराच्या वा जाड फोमच्या गाद्या द्याव्या. आणि सदनिकेंत वेगळा सबवूफर घेण्याची घाई करूं नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली असून, रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंतचा काळ रात्र मानिला आहे. खासगी जागेंतील ध्वनियंत्राचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेहून ५ डेसिबलांपेक्षां अधिक वाढतां कामा नये, असेंहि त्यांत आहे. परंतु वरच्या मजल्यावर परीक्षेस बसलेली मुलगी आहे किंवा पलीकडे आजारी आजोबा आहेत, हें नियमाच्या पुस्तकांत लिहिलेलें नसतें. तें आपण स्वतः जाणून घ्यावयाचें असतें.

आवाज कमी ठेवला तर मेटलची मजा जाते, अशी विद्यार्थ्यांची तक्रार असते. तींत तथ्य आहे. फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालींच दाखवून दिलें कीं, आवाज जसजसा कमी करावा तसतसे खालचे स्वर कानास अधिक वेगानें कमी ऐकूं येतात. म्हणून हलक्या आवाजांत ऐकतांना अँप्लिफायरवरील बासची चावी थोडीशी चढविण्यांत कांहीं पाप नाहीं. आवाज वाढवितांना ती परत उतरवावी, इतकेंच.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट, कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणें प्रौढ मनुष्यानें आठवड्यांत ८० डेसिबलांचा आवाज ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठीं ही मर्यादा ७५ डेसिबल धरिली आहे. दर ३ डेसिबल वाढले कीं वेळ निम्मा होतो. ८० वर ४० तास, तर ८३ वर २०, ८६ वर १०, आणि ९० वर सुमारें चारच. स्पीकरचा आवाज ९० वर गेला तर घरांतील दुसरें कोणी तरी 'अरे, हळू कर' म्हणून सांगतें. इयरफोनचा गेला तर कोणासच कळत नाहीं. कानाच्या आंतील ज्या सूक्ष्म केसाळ पेशी आवाजानें मरतात त्या मनुष्यांत पुन्हां उगवत नाहींत. ऐकून उठल्यावर कानांत शिट्टी वाजत असेल तर ती धोक्याची घंटा समजावी. मोबाईलवर डेसिबल मोजण्याचीं साधनें मिळतात. तीं अगदीं बिनचूक नसलीं तरी अंदाजास पुरतात. बसावयाच्या जागीं एकदां मोजावें आणि चावीवर खूण करून ठेवावी.

खरेदीस जातांना आपलीं ओळखीचीं गीतें बरोबर न्यावीं. मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर, आणि आतां आपल्या शहरांतहि, असा माल ऐकून घेतां येतो. दोन स्पीकर ताडून पाहतांना दोहोंचा आवाज सारखा करून घ्यावा, कारण जो किंचित् मोठा वाजतो तोच कानास बरा वाटतो, आणि विक्रेत्यास हें ठाऊक असतें. गीतें निवडतांनाहि विवेक हवा. मेटॅलिकाच्या १९८८ सालच्या संग्रहांत बास गिटार जवळजवळ ऐकूंच येत नाहीं, कारण मुद्रणांतच ती दाबलेली आहे. त्यांच्या २००८ सालच्या संग्रहांत आवाज इतका चढविलेला आहे कीं तो मुद्रणांतच फाटला आहे. हे दोष कोणताहि स्पीकर दूर करूं शकणार नाहीं, आणि त्यांवरून स्पीकरास दोषहि देऊं नये. त्यांचाच १९९१ सालचा संग्रह मात्र कसोटीस चांगला आहे. ब्लॅक सॅबथचा पहिला संग्रह चौघांनीं १९६९ च्या ऑक्टोबरांत जवळजवळ एका दिवसांत, एकत्र वाजवून मुद्रित केला. त्यांत चारी जण आपापल्या जागीं उभे आहेत असें वाटलें, तर स्पीकरांची जोडी चांगली समजावी.

पैशांचे दहा भाग केले तर सहा स्पीकरांस, तीन अँप्लिफायरास आणि एक तारा, तिवया व सतरंजी यांस द्यावा. महागड्या तारांच्या नादीं लागूं नये. थोड्या अंतरास दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरते. पैसे कमी असतील तर जुने चांगले स्पीकर घेण्यास हरकत नाहीं. मात्र आपलें शहर खाडीकाठचें आहे. दमट खारी हवा येथें प्रत्येक वस्तूची परीक्षा पाहते. वूफरच्या कडेची पट्टी फोमची असेल तर ती कांहीं वर्षांत भुसभुशीत होऊन गळते. रबराची अधिक टिकते. बोटानें हलकेंच दाबून पाहावें. भुशाच्या लाकडाची पेटी तळाशीं फुगली आहे काय, कागदी शंकूवर बुरशी आहे काय, शंकु आंतबाहेर होतांना खरखरतो काय, हेंहि पाहावें. नवे घेतले तरी पावसाळ्यांत भिंतीस चिकटवून ठेवूं नयेत.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, स्पीकर मागण्यापूर्वी आपल्या खोलीची लांबी, रुंदी व उंची मोजावी, वर दिलेलें गणित करावें, आणि आवाज किती व किती वाजेपर्यंत, हा करार स्वतःच लिहून वडिलांपुढें ठेवावा. पालकांस विनंति अशी कीं, तो करार मान्य करण्यापूर्वी एक गीत मुलाशेजारीं बसून पुरतें ऐकावें. तें आवडलेंच पाहिजे असें नाहीं. पण ढोल कोठें, बास कोठें, गिटारचा पंचम कोठें, हें मुलगा दाखवूं लागला म्हणजे कल्लोळाचें संगीत झालेलें आपणांस ऐकूं येईल, आणि तो बंद दाराआड इतके दिवस काय ऐकत होता, तेंहि कळेल.